मुक्काम पोस्ट ट्रान्झिट

मुलुंड पूर्वेला सध्या तीन प्रकारची माणसं राहतात. ज्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे ती, ज्यांची जायची आहे ती, आणि या दोघांच्या मधे उभं राहून ब्रोकरेज खाणारी. पूर्वी ओळखीचं कुणी स्टेशनवर भेटलं की ‘मुलं काय करतात?’ असं विचारायचं. आता ‘कितवा स्लॅब?’ असं विचारतात. ‘सातवा पडला कालच’ असं सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते पूर्वी मुलगा बोर्डात आला की दिसायचं. ‘अजून प्लिंथच’ असं म्हणावं लागणारा माणूस नजर चुकवतो आणि जी येईल ती लोकल पकडून निघून जातो.

आमचीही बिल्डिंग पडली. म्हणजे रीतसर पाडली. ती सत्तरच्या दशकातली होती, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. स्लॅबचे पोपडे इतक्या नियमाने पडायचे की कुठल्या खोलीत कुठल्या वेळी बसायचं नाही हे आम्हाला पाठ झालं होतं. आता तिच्या जागी पत्रे उभे आहेत आणि पत्र्यांवर होणाऱ्या टॉवरचं चित्र आहे. चित्रात एक गोरंपान कुटुंब पोहण्याच्या तलावात हसतं आहे. आमच्या सोसायटीत पोहता येणारा एकही सभासद नाही. त्या चित्राला बघून आम्हीही हसतो, पण कारण वेगळं.

आणि आम्ही सगळे ट्रान्झिटमध्ये आहोत. बिल्डर भाडं देतो, आपण कुठेतरी जाऊन राहायचं, आणि तीन वर्षांनी परत यायचं. तीन वर्षं करारात लिहिलेली आहेत. कराराचा कागद चांगल्या प्रतीचा आहे.

या सगळ्याचं मूळ सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)मध्ये आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्यातल्या या कलमाखाली सरकारने ३ जानेवारी २००९ला पुनर्विकासाची रीत घालून दिली आणि ४ जुलै २०१९ला ती सुधारली. बिल्डर निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, निबंधकांचा प्रतिनिधी हवा, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण हवं, आणि किमान ५१ टक्के सभासदांची संमती हवी. वाचायला सोपं वाटतं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला झाकण लावण्यावरसुद्धा ५१ टक्क्यांचं एकमत कधी झालं नव्हतं. कार्पेट एरिया वाढणार म्हटल्यावर मात्र झालं.

चित्रीकरण आहे म्हटल्यावर पहिला फरक पोशाखात पडला. एरवी बर्म्युडावर सभेला येणारे खजिनदार सफारी घालून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी ठेवणीतली पैठणी काढली. त्यांच्या लग्नानंतर त्यांचं शूटिंग व्हायची ही पहिलीच वेळ होती. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी उभ्या आयुष्यात प्रत्येक ठरावाला विरोध केलेला आहे. त्यांनी याही ठरावाला विरोध केला, कॅमेरावाल्याला ‘आलं का नीट?’ असं विचारलं, आणि चष्मा काढून, अधिक खणखणीत आवाजात, पुन्हा एकदा केला.

कायद्यात संमतीची तरतूद आहे, निविदांची आहे, बँक गॅरंटीची आहे. सभासदाच्या झोपेची नाही. करारावर सह्या व्हायच्या आठवड्यात अख्ख्या बिल्डिंगला रात्री तीनला जाग येऊ लागली. गॅलरीत आलं की समोरच्या गॅलरीतही कुणीतरी उभं असायचं. कुणाला छातीत जळजळ, कुणाला चक्कर, कुणाला ऐन मे महिन्यात हुडहुडी. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावरच होता. ते प्रत्येकाला ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगायचे. त्यांचं स्वतःचं बीपी कंपाउंडर मोजत होता, कारण नव्या इमारतीत दवाखाना रस्त्याच्या बाजूला येणार की मागच्या गटाराच्या, हे ठरत नव्हतं.

अशात पुण्याहून भाचीचा फोन आला. ती एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे आणि माणसाला कामावरून कमी करताना त्याच्या मनाची काळजी कशी घ्यावी, यातली जाणकार आहे. “मामा, तुम्ही सगळे खूप मोठ्या बदलातून जाताय. स्वतःला जपा,” असं म्हणून तिने एक यादी पाठवली. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले, त्याची ही यादी. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, तुरुंगवास ६३, लग्न ५०. बायकोने यादी वाचली आणि म्हणाली, “तुरुंगात स्वयंपाक दुसरं कोणी करतं. तरी त्याला गुण जास्त कसे?”

यादी मोठी वाचनीय आहे. निवृत्तीला ४५ गुण आहेत आणि वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोच्या समेटालाही ४५च. नवरा-बायकोचे वाद वाढले तर ३५, आणि खूपच कमी झाले तरी ३५. ही दुसरी सोय ज्याने केली तो नक्की संसारी माणूस असणार. नाताळला १२ गुण आहेत. हीच यादी गिरगावात तयार झाली असती तर दीड दिवसाचा गणपती, पाच दिवसांचा आणि अनंत चतुर्दशीपर्यंतचा, असे तीन वेगळे रकाने करावे लागले असते.

आम्ही कट्ट्यावर बसून आमचे गुण काढले. घर बदलणं २०. राहणीमान बदलणं २५. झोपेच्या सवयी १६, खाण्याच्या १५. चारचौघांत मिसळण्यातला बदल १८. सासरच्या मंडळींशी कटकट २९, कारण ‘आमच्याकडेच या की राहायला’ असं माझा मेहुणा एकदा म्हणाला होता, आणि आम्ही ‘बरं’ म्हटल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. वादांच्या संख्येतला बदल ३५. बेरीज १५८. होम्स आणि राहे यांच्या हिशेबात दीडशेच्या वर गेलं की आजारी पडण्याचा धोका वाढू लागतो. नानांनी कागद हातात घेतला, बेरीज पुन्हा करून पाहिली आणि म्हणाले, “सांगा बिल्डरला. कॉर्पस फंडात धरा म्हणावं.”

पण त्या यादीतली एक गोष्ट मला मनापासून पटली. तिच्यात सुखाच्या घटनाही आहेत. स्वतः मिळवलेल्या मोठ्या यशाला २८ गुण आहेत, सुट्टीला १३ आहेत. बदल बऱ्यासाठी झाला की वाइटासाठी, हे शरीर विचारत नाही, ते फक्त बदल मोजतं. आमच्याकडे कुणी कुरकुर केली की बाकीचे म्हणायचे, ‘अहो, लिफ्ट मिळणार, दोन बाथरूम मिळणार, रडताय काय?’ जास्त चौरस फूट मिळणार असताना रडायचं नाही, असा अलिखित ठरावच होता. आमच्या सोसायटीत एकमताने पाळला गेलेला तो एकमेव ठराव. म्हणून तर सगळ्यांना अ‍ॅसिडिटी झाली.

मग माळे उतरले. माळा ही मध्यमवर्गाने कायमची पुढे ढकललेल्या निर्णयांची जागा आहे. आमच्या माळ्यावर टीव्हीचं, मिक्सरचं आणि फ्रीजचं, अशी तीन रिकामी खोकी पिढीजात जपलेली होती. का, तर कधी घर बदललं तर लागतील. ती वेळ आली, खोकी खाली काढली, आणि तिन्हींचे तळ हातात आले. त्यांच्या आत आणखी लहान खोकी होती. त्यांच्या आत कसलीशी गॅरंटी कार्डं. मुदत संपून इतकी वर्षं झाली होती की त्यातल्या दोन कंपन्याही संपल्या होत्या.

पाटा-वरवंट्याचा प्रश्न सर्वांत अवघड होता. गेल्या कित्येक वर्षांत त्यावर कुणी काही वाटलं नव्हतं. पण टाकायचा म्हटलं की घरातल्या सर्वांत वयस्क बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि न्यायचा म्हटलं की टेम्पोवाल्याच्या. शेवटी बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी आपापला पाटा ‘तात्पुरता’ कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली नेऊन ठेवला. पुढच्या शनिवारी तिथून जाताना पाहिलं तर कुणीतरी त्यांना शेंदूर लावला होता. आता तिथे तेल वाहतात. एका परीने सगळ्यांची सोय झाली.

रद्दीवाल्याने दिवाळी अंकांचा गठ्ठा तोलला तेव्हा नाना अर्धा तास त्याच्याशी भावावरून भांडले, आणि भाव वाढवून मिळाल्यावर विकायचं नाही असं ठरवून सगळे अंक परत घरी घेऊन गेले. घरं रिकामी करायच्या नोटिशीची मुदत नेमकी पितृपक्षात संपत होती. बँकेच्या कर्जावर, कराराच्या कलमांवर अवाक्षर न बोललेली माणसं याबाबतीत मात्र एकदम कडाडली. बिल्डरचा माणूस गुजराती होता. त्याने कुरकुर न करता घटस्थापनेपर्यंत मुदत वाढवली, कारण त्याच्या आईनेही त्याला तेच सांगितलं होतं.

आम्ही घर शोधायला निघालो तेव्हा आमच्याच गल्लीतल्या आणखी तीन बिल्डिंगाही त्याच महिन्यात रिकाम्या होत होत्या. सगळ्यांना स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर, हवेशीर आणि बिल्डरच्या भाड्यात बसणारी जागा हवी होती. तशी जागा मुलुंडमध्ये एक होती असं म्हणतात. ती कुणाला मिळाली ते कळलं नाही. उरलेले कुणी नाहूर, कुणी भांडुप, कुणी ठाण्याला गेले. नवे भाडेकरू म्हणून पोलिसांकडे आमची माहिती गेली. चाळीस वर्षं एका बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासून निवृत्त झालेल्या माणसाला, साठी उलटल्यावर, ‘वर्तणूक ठीक’ असल्याचं सिद्ध करावं लागलं. सिद्ध झालं. बायकोला विचारलं नाही, म्हणून झालं.

भाड्याच्या घराचा करार ११ महिन्यांचा. १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून ११ महिन्यांची टूम निघाली. पुढे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा असं सांगितलं. कारण गेलं, ११ महिने राहिले. त्यामुळे घरात जरा कुठे कोथिंबिरीची जागा ठरते, तोच घरमालकाचा ‘काका, पुढचं काय ठरलंय?’ असा मायाळू फोन येतो.

प्रत्येक घरमालकाची एक मुख्य अट असते. आमच्या मालकाची अट अशी, की भिंतीला खिळा मारायचा नाही. आता कालनिर्णय लावायचं कुठे? १९७३पासून महाराष्ट्रातली घरं या एका वस्तूवर चालतात. पुढच्या बाजूला एकादशी, संकष्टी आणि सुट्ट्या, मागच्या बाजूला राशिभविष्य आणि लेख, मधल्या चौकोनांत दुधाचा हिशेब, कामवालीचे खाडे, सिलिंडरची तारीख आणि आईच्या गोळ्या. बायको म्हणाली, टेबलावर ठेवलेलं कालनिर्णय म्हणजे नुसता कागद. ते जाता-येता डोळ्यांसमोर आलं पाहिजे. मग चिकटवायचे हुक आणले. ते अमावस्येच्या आसपास निखळतात, याचं शास्त्रीय कारण मला सापडलेलं नाही.

हळूहळू सोसायटीत दोन तट पडले. पूर्वी ते पाण्यावरून पडायचे, आता खोक्यांवरून पडले. एक तट खोकी उघडणाऱ्यांचा, दुसरा न उघडणाऱ्यांचा.

न उघडणाऱ्यांचे पुढारी खजिनदार. ‘परत बांधायचीच आहेत, मग सोडायची कशाला?’ हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्यांनी जगायला लागेल तेवढंच बाहेर काढलं. चार ताटं, दोन पातेली, एक कुकर आणि बिल्डरची फाइल. जेवायचं टेबल म्हणजे ‘काचसामान – जपून’ असं लिहिलेलं खोकं, म्हणून रोजचं जेवणही जपून. पोळपाट कुठल्या खोक्यात गेला ते आठवेना, तेव्हा काकू पालथ्या ताटावर पोळ्या लाटू लागल्या. पाहुणा आला की त्याला ‘टेकू नका हं, तिकडे देव आहेत’ असं सांगायचे. देवांनाही त्यांनी पझेशनपर्यंत खोक्यात ठेवलं होतं.

यातली गंमत अशी की खोक्यात भरायची सवय लागली की ती भांड्यांपाशी थांबत नाही. काही महिन्यांनी खजिनदार इतर गोष्टीही भरू लागले. गुडघ्याचं ऑपरेशन नव्या घरी गेल्यावर. पंढरपूर नव्या घरी गेल्यावर. मुलासाठी स्थळं बघणं तर नव्या घरी गेल्यावरच, हॉल मोठा आहे. मोतीबिंदूचंही तसंच. ‘नवं घर एकदम स्वच्छ डोळ्यांनी बघतो’ असं ते म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “आणि तोवर सापडणार कसं ते?” एकदा काकूंचं आणि त्यांचं कडाक्याचं वाजलं. शेवटी काकू म्हणाल्या, “यावर आपण तिकडे गेल्यावरच बोलू.” भांडणही सीलबंद झालं. करारातली तीन वर्षं संपली, मुदतवाढ झाली, आणि त्या घरात अजून कुणी नीट पाय पसरून बसलेलं नाही.

दुसऱ्या तटाच्या मावशी. त्या एकट्या असतात, भांडुपला वन रूम किचनमध्ये गेल्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी देव मांडले, गॅस जोडला, मिसळणाचा डबा हाताशी ठेवला आणि स्वतःची उशी पलंगावर टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारी कढीपत्ता मागायला गेल्या. त्यांच्याकडे स्वतःचा होता. पण शेजारी कसे आहेत ते कढीपत्ता मागितल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं मत. पंधरा दिवसांत तिथल्या भिशीत होत्या. घरमालकाने खिळ्याला मनाई केली, तेव्हा त्यांनी त्याला बसवून घेतलं, डिंकाचा लाडू दिला आणि विचारलं, “एक मारू?” आता त्यांच्याकडे चार आहेत. ११ महिन्यांनी पुन्हा बांधाबांध करताना त्या सगळ्यांना यथेच्छ शिव्या घालतात, आणि नव्या जागी गेल्यावर पुन्हा सगळी खोकी सोडतात. “अहो, थोड्या दिवसांसाठी कशाला एवढं?” असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “थोडे म्हणजे किती ते सांगा. सत्तरी झाली माझी. माझ्याकडे वेगळे थोडे दिवस नाहीत, आहेत ते हेच.”

भाची रोज सकाळी मोबाइलवर ‘स्वतःची काळजी’ पाठवायची. सुगंधी मेणबत्ती लावून टबात पडून राहा. आमच्या ट्रान्झिटच्या न्हाणीघरात बादली आणि माणूस यांना आळीपाळीने जावं लागतं. दिवसातून थोडा वेळ स्वतःशी संवाद साधा. दोन खोल्यांत आई, बायको, घरून काम करणारा मुलगा आणि मी. स्वतःशी काही बोललं की आतून आई ‘काय म्हणालास?’ असं विचारते. दीर्घ श्वास घ्या. समोर चौथी बिल्डिंग पाडत आहेत. घेतला तर सिमेंट जातं.

आमच्यात ज्यांची तब्येत टिकली त्यांनी केलं ते फारच बेताचं. डॉक्टरांनी दवाखाना हलवताना सगळ्यांना एकच सांगितलं होतं, “घर नवं असू दे, गोळीची वेळ जुनीच ठेवा.” ज्यांनी औषधांची पिशवी टेम्पोत न टाकता काखोटीला मारली, ती माणसं पहिल्या रात्री शांत झोपली. बाकीचे रात्री अकराला मेडिकलच्या दुकानात गोळीचा रंग वर्णन करून सांगत होते. दुसरी गोष्ट उजेडाची. चाळीस वर्षं रात्री उठल्यावर हात डावीकडे बटणावर जायचा. आता तिथे भिंत असते, आणि बाथरूमच्या दिशेने गेलं की शू-रॅक. म्हातारी माणसं बदलाने खचतात असं म्हणतात. आमच्याकडे एक काका त्या शू-रॅकनेच खचले, मनगटात. तेव्हापासून सगळ्यांच्या घरी पॅसेजमध्ये रात्रभर एक छोटा दिवा असतो आणि उशाशी बॅटरी. मन स्थिर ठेवायच्या आधी पाय स्थिर पडावे लागतात, हे आम्ही त्यांच्या प्लॅस्टरवर सह्या करताना शिकलो.

तिसरी गोष्ट कट्टा. पांगलेली सगळी मंडळी सकाळी फिरायला अजून आमच्या जुन्या मिठागर रोडलाच येतात. नाना ठाण्याहून गाडीने येतात. रेल्वेने लांब पल्ल्याच्या गाड्यांमधली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद केली, त्याचा निषेध म्हणून ते लोकललाही पूर्ण भाडं भरतात आणि प्रवासभर शेजारच्याला त्याबद्दल सांगतात. येण्याचं कारण विचारलं तर म्हणतात, ‘साइटवर लक्ष नको ठेवायला?’ पत्र्याला एका ठिकाणी फट आहे. मुळात ती नव्हती. नाना एक डोळा मिटून फटीतून बघतात आणि आम्हाला धावतं वर्णन सांगतात, “तिघे काम करतायत. दोघे. आता एक पाणी प्यायला गेला.” फटीपुढे रांग लागते. माझी स्वतःची समजूत अशी आहे की त्या फटीने आमच्यातल्या निम्म्या लोकांची झोप परत आणली. पायाचा खड्डा जोवर डोळ्यांना दिसत नव्हता, तोवर तो रात्री छातीत खणला जायचा.

रडगाण्याचीही नानांनी शिस्त लावली. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तक्रारी यायच्या. भाड्याचा चेक आला नाही, लाद्या ठरल्याप्रमाणे नाहीत, अमक्याला पार्किंग कसं? त्यांनी जाहीर केलं की तक्रारी सकाळी आठ ते नऊ. नऊनंतर फोटो, वाढदिवस आणि औषधांची चौकशी. पहिले काही दिवस लोक आठच्या ठोक्याला तुटून पडायचे. मग असं होऊ लागलं की रात्री सुचलेली तक्रार सकाळी आठला आठवायचीच नाही. आता कधी कधी साडेआठलाच ग्रुपवर शांतता होते, आणि नानांना स्वतःच काहीतरी काढावं लागतं.

चावी मिळाली की सगळं संपेल, ही समजूत मात्र आमच्यात अजून आहे. माझा एक जुना सहकारी वरळीच्या बीडीडी चाळीतला. या चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. १४ ऑगस्ट २०२५ला तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात तो होता. मी अभिनंदनाला फोन केला. म्हणाला, सगळं उत्तम आहे. फक्त घरात हाक मारली तर ऐकू जात नाही, माणूस शोधावा लागतो. चाळीत दार झोपतानाच लागायचं, इथे बसतानाही लागतं. “सध्या संध्याकाळी सातला दार उघडं ठेवून बसतो,” तो म्हणाला. “शेजारी डोकावतात. आधी विचारायचे, काही झालंय का म्हणून. आता चहा विचारतात.” मी यादी काढून बघितली. घर बदलण्याचे २० गुण परत येतानाही पडतातच. म्हणजे ट्रान्झिट संपतं ते फक्त बिल्डरच्या हिशेबात.

परवा आमच्या बिल्डरने नवी तारीख दिली. दिवाळी. खजिनदारांनी लगेच विचारलं, “कुठली?” बिल्डर म्हणाला, “येणारी.” प्रत्येकच दिवाळी येणारी असते, यावर बिल्डरचं आणि आमचं एकमत झालं. खजिनदारांनी आणखी दोन खोकी बांधायला काढली. मावशींनी भांडुपच्या गिरणीत चकलीची भाजणी दळायला टाकली आणि मालकाला पाचव्या खिळ्याचं विचारलं, आकाशकंदिलासाठी. आम्ही मोतीबिंदूची तारीख ठरवून खजिनदारांना जवळजवळ उचलून दवाखान्यात नेलं. आता त्यांना बिल्डरचे कागद बिनचष्म्याचे वाचता येतात, त्यामुळे त्यांचं बीपी थोडं वाढलं आहे. आणि नानांनी मात्र उभं राहून, कॅमेरा नसतानाही, नव्या तारखेला आपला सविस्तर विरोध नोंदवला. त्यांची तब्येत ठणठणीत आहे, याची त्या क्षणी सगळ्यांची खात्री पटली.